शपथेपेक्षा हजेरी

दारू सोडण्याच्या शपथेच्या जागा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठरलेल्या आहेत. जेजुरीला भंडारा उचलून, पंढरपुरात माळ घालून, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, आणि प्रकरण फारच हाताबाहेर गेलं तर बायकोच्या माहेरची माणसं बैठकीला आली की त्यांच्यादेखत. शपथ घेणारा त्या घटकेला खोटं बोलत नसतो. त्याचे डोळे खरोखर भरून आलेले असतात आणि ते बायकोला कळतं, म्हणूनच ती पाचव्यांदाही विश्वास ठेवते. मग पगाराचा दिवस येतो, मेव्हण्याची हळद येते, किंवा काहीच येत नाही, नुसती संध्याकाळ येते. शपथ मोडते. मोडलेल्या शपथेची लाज घेऊन घरात वावरणं अवघड, आणि लाज बुडवायची ओळखीची जागा एकच.

दुसरा प्रकार श्रावणाचा. आषाढी अमावास्येच्या आसपास गटारी करायची आणि मग महिनाभर बाटलीला शिवायचं नाही. काही जण गणपती विसर्जनापर्यंत ओढतात. हे कडकडीत पाळणारे गावोगाव आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना ती स्वतःच्या निर्दोषपणाची सनद वाटते. मी व्यसनी असतो तर श्रावण कसा पाळला असता, हा त्यांचा सवाल. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनी तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की ते उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाहीत. काही दिवस थांबणं पुष्कळांना जमतं. पहिला पेग पोटात गेल्यावर थांबता येतं का, खरी मेख तिथे आहे. शिवाय श्रावणातला हा माणूस रोज कॅलेंडरकडे बघत असतो, ते सण किती उरले म्हणून नव्हे.

या लेखाच्या निमित्ताने मी दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीच्या, बोलीत ‘एए’च्या, खुल्या मीटिंगांना जाऊन बसलो. तिथे शपथ नावाचा प्रकारच नाही. जन्मभर पिणार नाही असं कुणी कुणाकडून वदवून घेत नाही. नवा माणूस उत्साहाने तसं म्हणालाच तर जुने लोक त्याला हळूच अडवतात. आजचा दिवस पिऊ नका आणि उद्या मीटिंगला या, एवढंच मागणं. शपथेच्या जागी हजेरी. मला वाटतं, या चळवळीतली सगळी हुशारी या एका अदलाबदलीत आहे, आणि शपथांवर वाढलेल्या आपल्या समाजाला नेमकी तीच पचायला जड जाते.

तिथला दुसरा नियम लेखकाची पंचाईत करणारा. इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं. त्यामुळे या लेखात कुणाचीही कहाणी नाही. जे लिहिलं आहे ते कुठल्याही खोलीत, कुणाच्याही तोंडून ऐकू येईल असं.

*

मराठी माणसाला दारूने होणाऱ्या नाशाचं चित्र रंगभूमीने दाखवलं. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं. सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांची नावं नाटक न पाहिलेल्यांनाही पाठ आहेत. त्या नाटकातली एक गोष्ट मात्र मला आता नव्याने टोचते. सुधाकर मध्यंतरी सावरायला बघतो, पण तेव्हा त्याला आपल्यात घेणारं कुणी नसतं. सबंध नाटकात समदुःखी, समव्यसनी माणसांचं संघटन आहे ते एकच, तळीरामाचं आर्यमदिरामंडळ. तिथे सभा भरते, भाषणं होतात, सभासदांमध्ये जिव्हाळा असतो, नव्या माणसाचं स्वागत होतं. गडकऱ्यांनी ते विनोदासाठी लिहिलं, पण पिणारे एकमेकांना धरून असतात आणि सोडणारा एकटा पडतो, हे त्यांनी अचूक टिपलं होतं.

त्यानंतर सोळा वर्षांनी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी उलट्या बाजूचं मंडळ निघालं. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. डिसेंबर १९३४ मध्ये इस्पितळातून तो दारू सोडून बाहेर पडला होता. पुढचे काही महिने तो भेटेल त्या दारुड्याला उपदेश करत फिरला; एकही सुधारला नाही. मे १९३५ मध्ये ॲक्रनला एका कंपनीच्या व्यवहारात तो तोंडावर आपटला आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत खिशात जेमतेम पैसे घेऊन उभा राहिला. एका बाजूला बार, तिथून येणारे हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चांची यादी. त्याला कळून चुकलं की आत्ता आपल्याशी बोलायला एखादा दारुडाच हवा. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. त्यातून दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. डॉक्टरसाहेब पिण्यात मुरलेले. बायकोच्या आग्रहास्तव आलेले, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही अशा अटीवर. रात्री उशिरापर्यंत बसले.

काय झालं असेल त्या खोलीत? बिलने उपदेश केला नाही. स्वतःचं सांगितलं, आणि मी तुमच्यासाठी आलेलो नाही, स्वतःच्या गरजेपोटी आलो आहे, हे त्या माणसाला कळू दिलं. डॉ. बॉब त्यानंतरही एकदा घसरले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस समजून एए आपला जन्मदिवस मानते. १९३९ मध्ये चळवळीचं पुस्तक निघालं, दारूमुक्तीच्या बारा पायऱ्या त्यात आल्या. १९५७ मध्ये भारतात, मुंबईत, पहिला ग्रुप उभा राहिला. त्याआधी दिल्लीत परदेशी वकिलातीत काम करणाऱ्या एका सभासदाने वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन आपल्यासारखे दुसरे शोधायला सुरुवात केली होती. परक्या मुलखात तो दारू सोडलेला एकटा माणूस. त्यालाही सोबत हवी होती.

आपल्याकडे सोबतीचा हा धडा अगदीच परका नव्हता. माळ घातलेला वारकरी दारू सोडतो तेव्हा आपण श्रेय माळेला देतो. पण माळ घालून घरी बसलेला माणूस आणि माळ घालून दिंडीत चालणारा, एकादशीला भजनाला जाणारा, गावातल्या चार माळकऱ्यांच्या नजरेत असणारा माणूस यांच्यात फरक पडतोच. वारी चुकवायची नाही, या नियमात हजेरीच आहे.

*

आता मदतीचा पत्ता शोधण्याचं. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं मोठं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकाला कुठल्या तरी स्वरूपाची मदत मिळाली होती, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला. उरलेले कुठे आहेत? ते अंगाऱ्याधुपाऱ्यात, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’च्या जाहिरातींत आणि शपथांत आहेत.

त्या जाहिरातींबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. त्यांतल्या पुडीत काय असतं हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. डॉक्टरांकडचं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. ते घेतलेलं असताना दारू प्यायली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने, तपासण्या करून ते द्यायचं असतं. कुठल्याशा ओळखीतून गोळ्या मिळवून त्या आमटीत कालवणाऱ्या बायकांबद्दल मी ऐकून आहे. त्यांच्या अगतिकतेला नावं ठेवायची माझी छाती नाही, पण यात माणूस दगावू शकतो.

आणि एक धोका त्याहून कमी लोकांना माहीत असतो. वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखेनासा होतो. घरच्यांना वाटतं, करणी झाली किंवा वेड लागलं. ही वैद्यकीय आणीबाणी असते. इस्पितळात गोळ्या आणि थायमिन देऊन ती सांभाळता येते. ज्याने सोडायचं ठरवलं आहे पण सकाळी घोटाशिवाय कपबशी धरता येत नाही, त्याने आधी डॉक्टर गाठावा, मग मीटिंग. जाणते ग्रुप हे स्वतःहून सांगतात. कारण मीटिंग म्हणजे उपचार नव्हे, आणि तिथे कुणी डॉक्टर म्हणून बसलेला नसतो.

बाकी शोध फारसा अवघड नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. एएच्या संकेतस्थळावर शहरवार ग्रुप आणि फोन मिळतात. सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागात विचारलं तरी चालतं. पण खरं सांगायचं तर बहुतेकांना पत्ता माणसाकडून मिळतो. गल्लीत पूर्वी गटारात पडणारा कुणीतरी अलीकडे इस्त्रीच्या शर्टात संध्याकाळी कुठेतरी जाताना दिसतो, आणि कुणाच्या तरी आईला वाटतं, याला विचारावं.

पहिला फोन पिणाऱ्याचा क्वचित असतो. बायकोचा असतो, बहिणीचा, सुनेचा. पलीकडचा स्वयंसेवक नीट ऐकून घेतो आणि मग एक प्रश्न विचारतो, त्यांना स्वतःला बोलायचं आहे का? फोन करणारीला हा प्रश्न निर्दय वाटतो. स्वयंसेवक पिणाऱ्याला फरफटत आणायला तयार नसतो. एएच्या सभासदत्वाची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा, आणि ती दुसऱ्याच्या वतीने दाखवता येत नाही.

इथे एक सावधगिरी. फरफटत नेणाऱ्यांचाही धंदा आहे. रात्री गाडी घेऊन येणारी, माणसाला घरातून उचलून नेणारी, महिनोन्महिने कोंडून ठेवणारी तथाकथित केंद्रं अधूनमधून बातम्यांत येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे विकार धरले आहेत, आणि अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, नातेवाइकांना कधी भेटू देता, हे तीन प्रश्न विचारायला संकोचू नये.

*

पत्ता मिळाला तरी माणूस जात नाही. मला वाटतं, सगळ्यात लांबचा प्रवास हाच. डोंबिवलीचा माणूस डोंबिवलीच्या मीटिंगला जाणार नाही. तो दादरला उतरेल. दारूच्या दुकानासमोर रांगेत उभं राहताना वाटली नाही ती लाज मीटिंग भरते त्या शाळेच्या फाटकातून आत शिरताना वाटते. पुष्कळ जण फाटकापर्यंत येऊन परत जातात, हे पुढे तेच हसत हसत सांगतात. मुंबईत निदान स्टेशन बदलता येतं. तालुक्याच्या गावी ते सुख नाही. जिथे नाव न सांगताही घराणं कळतं, तिथे ‘अनामिक’ राहायचं कसं? शिवाय रात्री मीटिंग सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली. २०२० च्या टाळेबंदीत मीटिंगा फोनवर, झूमवर आल्या आणि त्यानंतरही काही तशाच चालू राहिल्या. त्यामुळे दुर्गम गावातला, किंवा नोकरीसाठी आखातात एकटा राहणारा मराठी माणूसही मराठी मीटिंगला बसू शकतो. पण जुने सभासद एवढ्यावर समाधानी नसतात. त्यांच्या मते कॅमेरा बंद करता येतो, आणि तोंडाचा वास पडद्यातून येत नाही.

मीटिंगची जागा साधी. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, इस्पितळातली एखादी खोली. मुंबईतल्या सुरुवातीच्या मंडळींमध्ये इंग्रजी बोलणारे पुष्कळ, आणि चर्चनी जागा मोकळ्या मनाने दिल्या. त्यावरून धर्माची शंका घेणारे अजूनही भेटतात. आज मराठी, हिंदी, इंग्रजी, गोव्यात कोंकणी, ज्याला जी भाषा जवळची तो ती बोलतो. शाळेचा वर्ग असेल तर बाक लहान मुलांचे. त्यात गुडघे मुडपून बसलेला बँकेतला अधिकारी आणि शेजारी मार्केटमधला हमाल. भिंतीवर बाराखडी. फलकावर कुणीतरी खडूने ग्रुपचं नाव आणि विषय लिहितो. चहा असतो. खुल्या मीटिंगला कुणीही यावं, बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. पहिल्यांदा फोन करताना हे विचारून घ्यावं, म्हणजे सोबत आलेल्या भावाला बाहेर थांबावं लागत नाही.

सुरुवातीला शांतता, मग प्रस्तावना आणि बारा पायऱ्यांचं वाचन, मग ‘शेअरिंग’. चेअरवर बसलेला नाव पुकारतो. माणूस उठतो, पहिलं नाव सांगतो, मी एक मद्यपी आहे म्हणतो, खोली त्याला नमस्कार करते. कुणी ‘मद्यपी’ न म्हणता सरळ ‘बेवडा’ म्हणतो. तो बोलत असताना मध्ये कुणी बोलत नाही, नंतरही त्याच्या बोलण्यावर मत देत नाही, सल्ला देत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे किती अपूर्व आहे याचा विचार करा! आपल्याकडे दारुड्याला सल्ला देण्याचा हक्क वॉचमनपासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना असतो.

लोक हसतात. मी हुंदक्यांची तयारी ठेवून गेलो होतो. रडणारेही असतात, पण हसण्याचं प्रमाण मला चकित करून गेलं. बाटली फ्लशच्या टाकीत लपवल्याचं कुणी सांगितलं की दहा माना हलतात, कारण दहा जणांची जागा तीच. बायकोला पगार किती सांगायचा याचं गणित, गुत्त्यावरची उधारी, मुलीच्या गॅदरिंगला पोचलोच नाही. हेच घरी उघडकीला आलं तेव्हा आकांत झाला होता. इथे ते सांगताना माणूस पहिल्यांदा ताठ बसतो. ऐकणाऱ्यांना त्याचा तिरस्कार नसतो, दयाही नसते. त्यांना त्यात आपलं दिसतं. माझ्या समोरच्या बाकावरचा एक जण तर दुसऱ्याचं वाक्य ओठांनी पुरं करत होता.

हेही लिहायला हवं की काही मीटिंगा कंटाळवाण्या असतात. एखादा जुनाजाणता तीच कथा त्याच टप्प्यांवर थांबत वीस मिनिटं सांगतो. एखाद्या ग्रुपमध्ये खुर्चीचं राजकारण चालतं. चार मराठी माणसं आणि एक पद असल्यावर दुसरं काय होणार. म्हणून एक मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या ग्रुपला जाऊन बघा, असं तिथलेच लोक सांगतात. नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सुचवतात. तेवढ्यात निदान पिण्याच्या वेळेला दुसरीकडे बसायची सवय लागते. बहुतेक ग्रुप संध्याकाळी भरतात हे सोयीचं आहे, कारण नव्याने सोडलेल्याला छळते ती संध्याकाळच.

शेवटी पिशवी फिरते. हवं तर दहा-वीस रुपये टाकावेत, नवख्याने नाही टाकले तरी चालतं. फी नाही, वर्गणी नाही, आणि बाहेरच्याची देणगीही घेत नाहीत. अमेरिकेत जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्याकडे ही मंडळी मोठ्या रकमेच्या आशेने गेली होती. त्यांनी थोडं साहाय्य केलं आणि जास्त पैशाने तुमचं वाटोळं होईल असं सुचवलं. पुढे स्वावलंबन हीच परंपरा ठरली. महाराष्ट्रात सत्कार, कोनशिला आणि देणगीदारांच्या पाटीशिवाय एखादी संस्था इतकी वर्षं चालते, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

*

मग देवाचा प्रश्न. बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावा अशी मुभा देऊन येतो. ‘उच्च शक्ती’ म्हणजे कुणासाठी विठोबा, कुणासाठी येशू, कुणासाठी समोर बसलेला ग्रुपच. तरीही ज्यांना हा सूरच मानवत नाही असे लोक आहेत, आणि त्यांना अहंकारी ठरवून मोकळं होणं मला योग्य वाटत नाही. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली. २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यानंतरही ती चालू राहिली. देवाधर्माच्या नावावरच्या फसवणुकीशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला दारूच्या प्रश्नावरही संघटितपणे काम करावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुण्याच्या मुक्तांगणची गोष्ट अनेक वाचकांना ठाऊक असेल. डॉ. अनिल अवचटांनी ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगरवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. चालवलं ते डॉ. अनिता तथा सुनंदा अवचटांनी. सुरुवात ब्राऊन शुगरवाल्या पोरांसाठी, पण पुढे दारूचे रुग्णच मोठ्या संख्येने येऊ लागले. उपचार ३५ दिवसांचे. इथले अनेक कार्यकर्ते स्वतः कधीकाळी रुग्ण म्हणून दाखल झालेले. ॲक्रनच्या त्या खोलीतलंच सूत्र हे, मात्र डॉक्टर, समुपदेशन आणि औषधांच्या जोडीने. छत्तिसाव्या दिवशी माणूस घरी जातो, आणि घरासमोरचं परमिट रूम जागच्या जागी असतं. म्हणून निरनिराळ्या गावांत पाठपुराव्याच्या बैठका. इथेही पुन्हा हजेरीच. बैठका चुकवणाऱ्यांची कार्यकर्त्यांना काळजी वाटते, मग ते फोनवर कितीही छान बोलोत.

हे सगळं खरंच काम करतं का? डॉक्टरमंडळींना बरीच वर्षं शंका होती, आणि ती रास्त होती; अनामिकांची मोजदाद करायची कशी? वैद्यकीय अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेनच्या २००६ च्या आढाव्यात पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं होतं. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेर्री या संशोधकांनी २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षअखेर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के निघाले, इतर मान्यवर उपचारांत सुमारे ३५ टक्के. फरक प्रचंड नाही, पण फुकट मिळणाऱ्या, शाळेच्या बाकावर चालणाऱ्या गोष्टीसाठी फार मोलाचा आहे. उलट बाजूनेही बघायला हवं: या चांगल्या आकड्यातही निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात कधी ना कधी प्यायले.

आणि प्रत्येक पिणाऱ्याला एएच लागते असंही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. व्यसन पुरतं जडलेलं नाही, पण पिणं घातक झालं आहे अशा पुरुषांशी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या भेटींत बोलायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीच्या सेवेत २६ टक्के. वेळेवर कुणीतरी नीट विचारलं तर पुढचा प्रवास टळू शकतो.

*

घसरणं म्हणजे ‘स्लिप’. हा शब्द मराठी मीटिंगांतही तसाच रुळला आहे. शपथ मोडली की माणूस पापी ठरतो, घसरला की परत येतो. सात वर्षं कोरडा राहिलेला माणूस एका लग्नात घसरून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला बसतो, तेव्हा त्याला कुणी बोल लावत नाही. उलट नवख्यांना त्याचं बोलणं सगळ्यात जास्त कानात राहतं. एका वर्षाचा ‘वाढदिवस’ केक कापून होतो, बायको-मुलं येतात. बायको दोन शब्द बोलायला उठते तेव्हा आपण अजून पूर्ण विश्वास टाकलेला नाही हे ती लपवत नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. दारू सोडली म्हणजे घर लगेच सुखी होतं, हा गैरसमज तिथे कुणी पोसत नाही. वर्षानुवर्षं घराचे सगळे निर्णय एकटीने घेतलेल्या बाईला हा शुद्धीवर आलेला, मत असलेला नवरा पहिले काही महिने नकोसाही होतो.

म्हणून बायकांसाठी वेगळ्या बैठका आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये मैत्रिणीसह अल-अनॉनची उभारणी केली. दारुड्यांच्या किशोरवयीन मुलांचे अलाटीन गट १९५७ पासून. मुक्तांगणची ‘सहचरी’ त्याच जातीची. ‘नवरा यायला तयार नाही, मी काय करू?’ याचं उत्तर तिथे मिळतं: तुम्ही या. त्याचा डबा, त्याच्या खोट्या रजेचे फोन, त्याची उधारी, यातलं काय थांबवायचं आणि मार खायची वेळ आली तर कुणाकडे जायचं, हे ती दुसऱ्या बायकांकडून शिकते. नवरा पुढे सुधारेल न सुधारेल, तिची झोप परत येते.

पिणाऱ्या स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. एम्सच्या सर्वेक्षणात पिणारे पुरुष २७ टक्क्यांवर, स्त्रिया १.६ टक्के. त्यामुळे मीटिंगला आलेली बाई बहुधा एकटीच असते, आणि सगळ्या माना वळतात. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला तो याचसाठी.

गडचिरोलीत बायकांनी उलट टोकाकडून, म्हणजे दुकानाकडून, सुरुवात केली. मोठ्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत देऊन गावातलं दुकान बंद करणाऱ्या बायका पुढे राज्यभर झाल्या. पण दुकान बंद झालं तरी दुसऱ्या दिवशी हात थरथरणारा माणूस गावात असतोच. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे दारूमुक्तीचं अभियान २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा बंदीच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी उपचारही आले, ही समज महत्त्वाची.

राहिला दिवाळीचा मोसम. हल्ली फराळाच्या ताटाशेजारी ग्लास ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत शिरली आहे, आणि नव्याने सोडलेल्याला या दिवसांची धास्ती वाटते. जुने सभासद त्याला सांगतात ते अगदी बारीकसारीक असतं. उपाशी जायचं नाही. हातात स्वतः ओतलेलं सरबत धरायचं, म्हणजे कुणी दुसरं काही देत नाही. परतीची सोय स्वतःची ठेवायची. निघण्याआधी एक फोन, पोचल्यावर दुसरा. ‘आज एकच घे, सण आहे’ म्हणणाऱ्या काकांशी वाद घालायचा नाही, गोळ्या चालू आहेत म्हणायचं. आणि ग्रुप शाळेत भरत असेल तर सुट्टीत वर्गाला कुलूप असतं, तेव्हा धनत्रयोदशीच्या आत किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ठेवायचं.